विटाळ आणि वैद्यक

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय कळताच काही घरांतून रेडिओचा आवाज हळू केला जाईल, आणि काही घरांतून वडील माणसे उठून ओसरीवर जातील, अशी माझी अटकळ आहे. त्यांना मी दोष देत नाही. स्त्रीच्या मासिक धर्माविषयी, अथवा गरोदरपणी तिच्या अंगावरून रक्त जाऊ लागले तर त्याचा अर्थ काय याविषयी, चारचौघांत बोलण्याची आपली रीत नाही. परंतु ही रीत आली कोठून, तिच्यामुळे कोणते ज्ञान झाकले गेले, आणि ते उघडे करण्यासाठी कोणी काय सोसले, हा इतिहास आहे. आणि इतिहास सांगण्यातच माझा जन्म गेला असल्यामुळे तो मी सांगणार आहे.

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहा. मुलगी वयात आली की तिला ‘नहाण आले’ किंवा ‘पदर आला’ असे म्हणतात. पुढे दर महिन्यास ती ‘बाहेरची होते’, ‘दूर बसते’, तिला ‘कावळा शिवतो’. शहरातील शिकलेल्या घरांत तिला नुसती ‘अडचण’ असते. इतके शब्द, आणि त्यांपैकी एकाही शब्दात रक्ताचा उल्लेख नाही. आणि जेथे खरोखर आजाराची शंका असते तेथे आपल्याजवळ एकच शब्दप्रयोग आहे: ‘अंगावरून जाते’. सोळा वर्षांच्या मुलीची पाळी लांबली तरी तिच्या अंगावरून जाते. दोन महिन्यांच्या पोटुशीला डाग लागला तरी तिच्या अंगावरून जाते. आणि पाळी जाऊन दहा वर्षे झालेल्या आजीबाईला पुन्हा रक्त दिसले तरी तिच्याही अंगावरून जातेच. वैद्यकाच्या दृष्टीने ही तीन प्रकरणे परस्परांहून अगदी निराळी आहेत. पहिले बहुधा काळजीचे नसते, दुसऱ्यात धोका असेल किंवा नसेलही, आणि तिसऱ्याची तपासणी एक महिनाही लांबणीवर टाकणे योग्य नव्हे. एकाच शब्दाखाली दडलेल्या या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या कशा काढल्या गेल्या, हेच आजच्या भाषणाचे सूत्र आहे.

आपल्या प्राचीन वैद्यांना यातील पुष्कळसे ठाऊक होते. सुश्रुताने आर्तव बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि पन्नाशीच्या सुमारास थांबते असे नोंदविले आहे. आजच्या डॉक्टरांचे आकडे याहून फार दूर नाहीत. चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ द्रवरूपाने जातो तो गर्भस्राव, आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात, अवयव स्थिर झाल्यावर पडतो तो गर्भपात, हा भेदही त्याचाच. हे दोन्ही शब्द आज मराठीत चालतात, परंतु आपण ते एकाच अर्थाने वापरतो. दोन हजार वर्षांमागे ज्याने ते वेगळे केले तो आपल्याहून काटेकोर होता, असे म्हणणे भाग आहे.

चरकाचा उपदेश तर मुळातून वाचण्यासारखा आहे. गर्भिणीला रक्त दिसले तर तिला मऊ, थंड अंथरुणावर, डोके किंचित खाली ठेवून निजवावे. शंभर वेळा आणि हजार वेळा पाण्याने धुतलेले तूप नाभीखाली लावावे. क्रोध, शोक आणि श्रम यांपासून तिला जपावे. आणि तिच्या मनाला रुचतील अशा सौम्य गोष्टी सांगत तिच्याजवळ बसावे. या शेवटच्या वाक्याकडे श्रोत्यांनी विशेष लक्ष द्यावे. रक्तस्राव होत असलेल्या स्त्रीच्या जवळ बसावयाचे, तिला स्पर्श करावयाचा, तिच्याशी बोलावयाचे, ही वैद्याची आज्ञा होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात रक्त दिसल्यास गर्भ सहसा टिकत नाही, कारण तो अद्याप कोवळा असतो, असेही चरक सांगतो. आणि स्राव होऊनही गर्भ पडला नाही, पण त्याची वाढ खुंटली, तर त्या अवस्थेलाही त्याने स्वतंत्र नाव दिले आहे.

वैद्य जवळ बसावयास सांगत होता त्याच काळी धर्मशास्त्र दूर बसावयास सांगत होते. तैत्तिरीय संहितेत कथा आहे की, इंद्राने विश्वरूपाला मारले, त्याला ब्रह्महत्येचे पाप लागले, आणि त्या पापाचा तिसरा वाटा स्त्रियांनी घेतला. दर महिन्याचा रक्तस्राव हे त्या पापाचे चिन्ह होय. त्या बदल्यात ऋतुकाळी संतती होण्याचा वर त्यांना मिळाला. भूमीने आणि वृक्षांनीही असाच एकेक वाटा घेतला, परंतु भूमीला किंवा वृक्षाला कोणी तीन दिवस बाहेर बसविल्याचे ऐकिवात नाही. पुढे स्मृतिकारांनी नियम केले आणि व्रतकारांनी व्रते सांगितली. भाद्रपद शुद्ध पंचमीस आपल्या घरच्या बायका बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य करून ऋषीची भाजी करतात, ती विटाळाच्या दिवसांत नकळत झालेल्या स्पर्शाचा दोष जावा म्हणून. भाजी रुचकर असते याबद्दल वाद नाही.

या विचाराला आपल्याच मुलखातून उत्तर मिळाले होते, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींनी स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला आणि मासिक धर्माचा विटाळ मानण्याचे नाकारले. देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ जातात तसाच हाही देहाचा एक स्वाभाविक धर्म आहे, अशी त्यांची भूमिका होती. आमच्या नांदेड जिल्ह्यातील माहूर हे त्या पंथाचे मोठे स्थान आहे. पुढे चौदाव्या शतकात चोखोबांच्या पत्नी संत सोयराबाई यांनी आपल्या अभंगांतून हाच प्रश्न आणखी धारदार केला. ज्या विटाळातून देह घडतो तोच विटाळ मानावयाचा तर शुद्ध कोण उरतो, असा त्यांचा रोख आहे. ही वाणी देवळांत गाइली गेली, परंतु घराच्या मागील दारापर्यंत पोचली नाही. या ठिकाणी मला चरकापेक्षा सोयराबाई मोठ्या वाटतात; चरकाने रुग्ण पाहिला, सोयराबाईंनी अपमान पाहिला.

दूर बसण्याने बायकांना चार दिवस विसावा मिळे, असे समर्थन नेहमी करण्यात येते. विसावा काहींना मिळतही असेल. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने या चालीचे खरे नुकसान निराळे आहे. ज्या गोष्टीचा उच्चार निषिद्ध, तिची तक्रारही निषिद्ध. पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस राहते, किती जाते, मध्येच डाग लागतो काय, हे चार प्रश्न वैद्य विचारू शकत नव्हता आणि बाई सांगू शकत नव्हती. खेड्यातील सुईण हाताने कुशल असे. बाळ आडवे आले तर ते फिरविणाऱ्या सुइणी होत्या. परंतु तिला बोलावणे यायचे ते कळा सुरू झाल्यावर. आठव्या महिन्यात एके रात्री कळा न येताच रक्त गेले आणि सकाळी थांबले, तर ती गोष्ट सासूपर्यंतच राहायची.

वस्तुतः आठव्या महिन्यातील ते रक्त हा सर्वांत गंभीर इशारा होय. एडवर्ड रिग्बी नावाच्या इंग्लंडमधील नॉरिच येथील वैद्याने १७७५ साली एक छोटासा प्रबंध लिहून गरोदरपणातील उत्तरकाळच्या रक्तस्रावाचे दोन भाग पाडले. वार गर्भाशयाच्या तोंडावरच चिकटलेली असेल तर ते तोंड उघडू लागताच रक्तस्राव होणारच. तो टाळता येत नाही. वार वर, योग्य जागी असूनही ती अवेळी सुटली तर होणारा रक्तस्राव निराळा. पहिल्या प्रकारात रक्त लालभडक असते आणि बहुधा पोटात दुखत नाही. दुसऱ्यात पोट दुखते, ते कठीण लागते आणि रक्त पुष्कळदा काळसर असते. न दुखता गेलेले रक्त निरुपद्रवी, ही आपल्याकडील समजूत किती घातक आहे हे यावरून ध्यानात येईल. अशा बाईला आतून बोटाने तपासणेही धोक्याचे असते. १९५८ साली ग्लासगो येथील इयान डोनाल्ड यांनी आवाजाच्या लहरींनी पोटातील चित्र पाहण्याची पद्धत प्रसिद्ध केली, आणि पुढे वार कोठे आहे हे हात न लावता कळू लागले. आज ज्याला आपण सोनोग्राफी म्हणतो तिचा हा आरंभ.

आता एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात येऊ. त्या काळी मुलीला नहाण येणे ही घरची गोष्ट राहिली नव्हती. ती कायद्याची आणि वर्तमानपत्रांची गोष्ट झाली होती. पहिल्या ऋतूनंतर गर्भाधान झालेच पाहिजे असा एक पक्ष, आणि बारा वर्षांच्या मुलीचे शरीर त्यासाठी तयार नसते असा दुसरा पक्ष. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतिसंगानंतर रक्तस्रावाने मेली आणि १८९० साली तो खटला गाजला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. टिळकांनी परक्या सरकारच्या हस्तक्षेपाविरुद्ध ‘केसरी’तून रान उठविले, आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राच्याच आधाराने सुधारणेची बाजू मांडली. लोकमान्यांविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु या वादात रक्ताने मेलेली मुलगी एका बाजूला पडली आणि सरकारचा अधिकार मध्यभागी आला, असे मला वाटत आले आहे.

याच सुमारास दोन मराठी स्त्रियांनी हा विषय पुरुषांच्या वादातून उचलून वैद्यकाच्या शाळेत नेला. त्यांतील डॉ. रखमाबाई या बालपणी झालेला विवाह नाकारून कोर्टाच्या पायऱ्या चढल्या, लंडनमध्ये वैद्यक शिकल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. दुसऱ्या आनंदीबाई जोशी. कल्याणास १८६५ साली जन्मलेल्या या मुलीला चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. १८८३ साली ती अमेरिकेस गेली, आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. आनंदीबाईंनी आपल्या प्रबंधासाठी निवडलेला विषय होता प्राचीन आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत, अमेरिकन प्राध्यापकांपुढे, वीस वर्षांच्या मराठी मुलीने आपल्या पूर्वजांची गर्भिणीविषयक विद्या मांडावी, यात नुसता अभिमान नव्हता. जिचे मूल दहा दिवसांत गेले तिला आपल्या घरी ती विद्या भेटली नव्हती. ती पोथ्यांत होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. परंतु त्या क्षयाने खंगून परतल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास वारल्या. एकही रुग्ण त्यांच्या हातून बरा व्हावयाचा राहिला, आणि तरीही त्यांच्यानंतर मराठी मुलींना वैद्यकाची वाट खुली झाली.

युरोपातील शास्त्रज्ञ या बाबतीत आपल्या फार पुढे होते अशी समजूत असेल तर ती सोडून द्यावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तिकडील नामांकित पंडित स्त्रीची पाळी आणि कुत्रीचा माज एकच समजत होते, आणि पाळीच्या आसपासचे दिवसच गर्भधारणेचे दिवस असे सांगत होते. खरा उलगडा विसाव्या शतकात झाला. १९०३ साली जर्मनीत लुडविग फ्रेंकेल यांनी बीजकोशातील पिवळ्या गाठीशिवाय गर्भ गर्भाशयात रुजत नाही हे प्रयोगाने दाखविले. १९२४ साली जपानात ओगिनो यांनी, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियात क्नाउस यांनी, बीज केव्हा सुटते याचा हिशेब मांडला. तो असा की, पाळी सुरू झाल्यापासून पुढे मोजावयाचे नाही. पुढील पाळीपासून सुमारे चौदा दिवस मागे मोजावयाचे. बीज सुटले की पिवळी गाठ तयार होते, तिच्या रसाने गर्भाशयाचे अस्तर जाड आणि मऊ होते. गर्भ राहिला नाही तर गाठ सुकते, अस्तर गळते, आणि तेच मासिक रक्त. म्हणजे हे रक्त पापाचे नाही आणि विषाचेही नाही. पाहुण्यासाठी घातलेले अंथरूण पाहुणा न आल्यामुळे गुंडाळले, इतकाच त्याचा अर्थ.

सुश्रुताने ऋतुकाल बारा रात्रींचा मानला होता, आणि तो संपला की, दिवस मावळताच कमळ मिटते तसे गर्भाशय मिटते असे म्हटले होते. अठ्ठावीस दिवसांची पाळी असेल तर बीज चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटते, म्हणजे त्याच्या बारा रात्री संपल्यावर. तथापि पुरुषाचे बीज गर्भाशयात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते, त्यामुळे त्याच्या शेवटच्या रात्री अगदी निष्फळ ठरत नाहीत. धर्मशास्त्राच्या सोळा रात्रींचा हिशेब तर याहूनही जवळ येतो. आपल्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते असे म्हणणारे, आणि काहीच ठाऊक नव्हते असे म्हणणारे, या दोघांनीही हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा.

ही नवी विद्या मराठीत आणण्याचे काम रघुनाथ धोंडो कर्वे यांनी केले. ते गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, त्यापायी पुढे नोकरी सोडली, आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यात वाचक आपल्या शरीराविषयीचे प्रश्न विचारीत आणि कर्वे सरळ उत्तरे देत. या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, आणि तरीही दंड झालाच. उत्तर देणे हा गुन्हा ठरला होता, हे श्रोत्यांनी लक्षात घ्यावे. कर्व्यांची भाषा कठोर होती, आणि प्रतिपक्षाला मूर्ख म्हटल्याशिवाय त्यांचा परिच्छेद पुरा होत नसे. तथापि मराठी माणसाला आपल्या देहाविषयी मराठीत प्रश्न विचारता येतो, हे त्यांनीच प्रथम सिद्ध केले.

आता या सर्व शोधांतून निघालेले सार थोडक्यात सांगतो. पाळी एकवीसपासून पस्तीस दिवसांपर्यंत केव्हाही आली तरी ती नियमितच समजावी. ती दोन ते सात दिवस राहते, आणि एकूण रक्त अर्ध्या वाटीहून कमी जाते. याहून पुष्कळ जाऊ लागले, गाठी पडू लागल्या, तर अंगातील रक्त कमी होते, आणि घरातील सून ‘आळशी’ ठरते. दोन पाळ्यांच्या मध्यावर, बीज सुटण्याच्या वेळी, एखादा डाग दिसणे काहींच्या बाबतीत स्वाभाविक असते. गर्भ राहिल्यावर तो अस्तरात रुजताना, नेमका पुढील पाळीच्या सुमारास, थोडा डाग दिसू शकतो. त्यालाच पाळी समजल्यामुळे कित्येक घरांत दिवस एका महिन्याने चुकीचे मोजले जातात आणि ‘आठव्यातच बाळंत झाली’ अशी कुजबुज होते.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत दर चार-पाच स्त्रियांमागे एकीला थोडेफार रक्त दिसते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणींचे गरोदरपण पुढे सुखरूप चालते. जेथे ते टिकत नाही तेथे सुमारे निम्म्या वेळा कारण गर्भाच्या घडणीतच असते. बीजातील गुणसूत्रांची जुळणी चुकलेली असते, आणि तो गर्भ वाढणे मुळातच शक्य नसते. ही एकच गोष्ट प्रत्येक घरात माहीत असती तर किती सुनांचे अश्रू वाचले असते! जिना चढली, पपई खाल्ली, ग्रहणात विळी हाती घेतली, माहेरी जाऊन आली, अशी कारणे शोधून तिला आयुष्यभर बोल लावला जातो. चरकाने सांगितलेला अंथरुणातील विसावासुद्धा असा गर्भ वाचवीत नाही, असे अलीकडील तपासण्यांत दिसून आले आहे. २०१९ साली ब्रिटनमध्ये चार हजारांहून अधिक स्त्रियांवर पिवळ्या गाठीच्या रसाचे, म्हणजे प्रोजेस्टेरॉनचे औषध देऊन पाहण्यात आले. सरसकट सर्वांना त्याचा लाभ दिसला नाही, परंतु ज्यांचे पूर्वी गर्भ गेले होते आणि आता रक्त दिसत होते त्यांना काही लाभ दिसला. म्हणजे औषध प्रत्येकीसाठी नाही, आणि कोणासाठीच नाही असेही नाही.

मात्र याच तीन महिन्यांत एक प्रकार असा आहे की त्यात तासांचा हिशेब असतो. गर्भ गर्भाशयात न रुजता बीजवाहक नळीत रुजला, तर थोडासा डाग, ओटीपोटात एका बाजूस तीव्र कळ, आणि घेरी, एवढ्यावर बाई हातची जाऊ शकते. बाहेर दिसणारे रक्त अगदी थोडे असते; खरे रक्त पोटात साचत असते. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८३ साली अशा स्त्रीवर शस्त्रक्रिया करून तिला वाचविले, तोपर्यंत हा आजार म्हणजे बहुधा मृत्यूच होता.

मधल्या महिन्यांतील गर्भपाताचा एक प्रकार मात्र आपल्याच एका डॉक्टरांनी जगाला उलगडून दाखविला, आणि ही गोष्ट सांगताना मला विशेष आनंद होतो. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईत स्त्रीरोगतज्ज्ञ होते. काही स्त्रियांचे गर्भ चौथ्यापासून सातव्या महिन्यापर्यंत, पुन्हा पुन्हा, फारशा कळा न येता पडतात, असे त्यांच्या पाहण्यात आले. औषधांनी गुण येत नव्हता. शिरोडकरांनी निष्कर्ष काढला की दोष गर्भात नाही, गर्भाशयाच्या तोंडात आहे. ते दुबळे असल्यामुळे वजन वाढताच उघडते. मग उपाय अगदी सरळ होता, आणि सरळ असल्यामुळेच तो आधी कोणाला सुचला नव्हता: पिशवीचे तोंड दोरीने आवळून बांधावे. त्यांनी आरंभी रुग्णाच्याच मांडीतील चिवट पडद्याची पट्टी काढून टाक्यासाठी वापरली. १९५५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. आज जगातील कोणत्याही मोठ्या प्रसूतिगृहात ‘शिरोडकर टाका’ हा शब्द समजतो. ज्या बायकांना गावाने ‘हिचे मूल जगत नाही’ म्हणून ओटीभरणालाही बोलावणे सोडले असते, त्यांची मुले या टाक्याने जगली.

येथवरचा इतिहास पुणे-मुंबईचा आणि विलायतेचा झाला. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि ही विद्या आमच्याकडे उशिरा आली. ती आली तेव्हा दोन शेजारच्या जिल्ह्यांत दोन निराळ्या रूपांनी आली.

उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यात १९९९ सालापासून एक मोठी पाहणी झाली. टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि कर्करोगसंशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या सुमारे एक लाख एकतीस हजार खेडूत स्त्रियांची नोंद केली. संगानंतर रक्त दिसणे, दोन पाळ्यांच्या मध्ये वारंवार जाणे, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा येणे, ही गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची लक्षणे असू शकतात. परंतु रक्त दिसेपर्यंत रोग बहुधा पुढे गेलेला असतो. हा रोग ज्या विषाणूने होतो त्याची तपासणी रक्त दिसण्यापूर्वीच केली तर काय होईल, हा प्रश्न होता. आठ वर्षांनंतरचा निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाला: आयुष्यात एकदाच ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांची अशी तपासणी झाली नाही, यावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती मला अनाठायी वाटत नाही. परंतु ज्या ज्ञानाने जगभरातील धोरणे बदलली ते कळंब-परंड्याकडील बायकांनी दिले, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत असावयास हवे.

धाराशिवला लागूनच बीड जिल्हा. तेथील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली. एक दिवस काम बुडाले तर ‘खाडा’, आणि खाड्याला पाचशे रुपयांपर्यंत दंड. उसाच्या फडात पाणी नाही, आडोसा नाही, न्हाणीघर नाही. अशा ठिकाणी महिन्याचे चार दिवस आले की बाईला दंड परवडत नाही. अंगावरून जाते म्हणून ती गावाकडे डॉक्टरांस दाखविते, आणि तिला सांगण्यात येते की पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक. पंचविशी-तिशीतील बायकांनी पिशव्या काढून घेतल्या. २०१९ साली हा प्रकार उघडकीस आल्यावर सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा बायकांमागे एक.

या आकड्याचा अर्थ वैद्यकाच्या भाषेत सांगावयाचा तर असा की, जेथे जंतुसंसर्गाला औषध पुरले असते, रक्तक्षयाला लोहाच्या गोळ्या पुरल्या असत्या, आणि कर्करोगाच्या शंकेला धाराशिवात सिद्ध झालेली एक तपासणी पुरली असती, तेथे सरसकट अवयवच काढला गेला. पिशवीबरोबर बीजकोशही काढले गेले असतील तर त्या बाईला तिशीतच म्हातारपणाची लक्षणे लागतात. अंगाची लाही होते, हाडे ठिसूळ होतात, आणि कोयता हातात धरवत नाही. ज्या दंडाच्या भीतीने तिने पिशवी काढली त्याहून मोठा दंड तिच्या हाडांना बसतो. पूर्वी विटाळामुळे तिच्या रक्ताकडे कोणी पाहत नव्हते. आता पाहिले, ते असे.

त्याच वर्षी बीड जिल्ह्यात नियम करण्यात आला की, कोणत्याही खाजगी रुग्णालयाने पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी. समितीने आणखी सुचविले की, ऊसतोडीस निघण्यापूर्वी आणि तेथून परतल्यावर प्रत्येक बाईची आरोग्यतपासणी व्हावी. त्या तपासणीत जे चार प्रश्न प्रथम विचारावे लागतात ते या भाषणात मागे येऊन गेले आहेत: पाळी किती दिवसांनी येते, किती दिवस राहते, किती जाते, आणि मध्येच डाग लागतो काय.